मेन पाटा

कॉलेजात मला काहीजण ‘फियाटवाली’ म्हणतात. मी गाडी घेऊन कॉलेजला येते असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. २०२४च्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या काव्यवाचनाला मी थेट कुर्ल्याहून आले होते. पिशवीत चार रबरी बुश आणि दोन शॉकअप होते. ऐन कवितेच्या मध्यात त्यातला एक शॉकअप पिशवीतून निसटून गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेला. सगळे हसले, मीही हसले. पुढे त्याच पार्टांनी काय केलं ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, यावरून पाऊस किती असेल त्याचा अंदाज करा. चार महिने रस्ता दिसत नाही आणि उरलेले आठ महिने रस्त्यातले खड्डे तेवढे दिसतात. आमच्याकडे मुलीसुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. मुंबईत आल्यावर पहिले सहा महिने मी ‘येते-जाते’ घोकत होते. आज्जांशी फोनवर बोलताना अजून ‘येतो’च तोंडात येतं.

आज्जा म्हणजे माझे आजोबा. मराठी शाळेत गुरुजी होते. त्यांची गाडी १९७८ची, पांढरी प्रीमियर पद्मिनी. घरात तिला सगळे फियाटच म्हणतात, आणि ते फारसं चूकही नाही, कारण मूळ गाडी फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. चितोडच्या राणीचं नाव तिला नंतर मिळालं. आज्जांनी ती बेळगावच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. बाबांची वरात, आत्याचं बाळंतपण, माझी बारावीची परीक्षा, सगळं तिच्यातूनच झालं.

दोन वर्षांपूर्वी आज्जांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की धक्के बसता कामा नयेत. आता दर महिन्याला बेळगावला दाखवायला न्यायचं, रस्ता आमचा असा, आणि आज्जा दुसऱ्या गाडीत बसायला तयार नाहीत. नव्या गाड्यांच्या सीट खोल असतात, उठताना कंबर धरते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. फियाटची मागची सीट उंच आणि सरळ असते, घरच्या खुर्चीसारखी.

बेंगळूरला नोकरीला असलेल्या आमच्या दादाने, म्हणजे काकांच्या मुलाने, यावर तोड काढली. ‘आपण एअर सस्पेन्शन बसवू या.’ त्याने व्हिडिओ पाठवले. पाटे आणि स्प्रिंग काढून टाकायच्या, त्या जागी रबरी फुगे बसवायचे, डिकीत कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी, समोर बटण. दाबलं की गाडी वर, दाबलं की खाली. बेळगावहून मुंबईला येणाऱ्या व्होल्वोत बसलेल्यांना हे सुख माहीत आहे. त्या बस हवेच्या फुग्यांवरच चालतात. दादा म्हणाला, ‘आज्जांना पाळण्यात बसल्यासारखं वाटेल बघ.’

आमचे मेस्त्री हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाना खाली ठेवून म्हणाले, ‘बसवूया की. पण फुगा फाटला तर कणकुंबीत कोण देणार?’

तेवढ्यात विषय मिटला असं मला वाटलं होतं. पण दादा इंजिनिअर आणि मेस्त्री सातवी पास, त्यामुळे फोनवर दोघांचं बरंच चाललं, आणि मधे मी. त्यातून मी जे शिकले ते सांगते, कारण बी.ए.च्या कुठल्या पेपरात ते येणार नाही.

फियाटला पुढे स्प्रिंगा आहेत आणि मागे पाटे. पाटे म्हणजे पोलादाच्या लांब पट्ट्या, एकाखाली एक आखूड होत गेलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. सगळ्यांत वरचा लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून त्यांना डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांत रबरी बुश बसतात. मला वाटायचं, पाट्यांचं काम फक्त धक्का खायचं. मेस्त्रींनी मला गाडीखाली वाकून बघायला लावलं. मागचा अख्खा अ‍ॅक्सल गाडीला धरून ठेवलाय तो या पाट्यांनीच. ते काढून फुगे बसवले तर वजन तोलेल, पण अ‍ॅक्सल पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून वेगळे दांडे वेल्डिंग करून जोडावे लागतील. ते कशाला जोडणार? या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. आणि आमच्या पावसात त्या पत्र्याचं काय झालंय ते मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टोचून दाखवलं.

दादाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हवेच्या स्प्रिंगचा मोठा गुण असा की वजन वाढेल तशी तिच्यातली हवा वाढवता येते. मग गाडीत एकटे आज्जा असोत की पाच माणसं आणि नंदगडच्या बाजाराच्या पिशव्या, चाल सारखीच राहते. पाट्यांना हे जमत नाही. ते भरल्या गाडीसाठी केलेले, म्हणून एकट्या माणसाला जास्त उडवतात. शिवाय कायदाही आडवा आलाच. आरसीतला तपशील बदलेल असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मनाई करतं, आणि पंधरा वर्षं उलटून गेलेल्या खाजगी गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओपुढे उभं राहावं लागतं. शेवटी आज्जाच म्हणाले, ‘आहे तेच नीट करा. नवं काय नको.’

मी मुंबईत, म्हणून पार्ट आणायचं काम माझ्याकडे आलं.

मुंबईत पद्मिनीचे पार्ट म्हणजे काय, ढिगाने मिळत असतील असं गावी सगळ्यांना वाटतं. पण मी पोचले उशिरा. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून गेली. शेवटच्या गाडीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. मी एफ.वाय.ला होते, पेपरात फोटो बघून हळहळले आणि विसरून गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दुकानं हिंडायला लागल्यावर त्या बातमीचा अर्थ कळला. टॅक्सी होत्या तोवर माल येत होता, आता कुणासाठी ठेवायचा? एका दुकानदाराने वर विचारलं, ‘ताई, भावाला पाठवा ना.’ मी म्हटलं, भाऊ फुगे शोधतोय.

शेवटी एका दुकानात सगळं एकदम मिळालं. बुश, शॉकअप, खोक्यासकट. स्वस्त होतं, खोकं चकचकीत होतं, आणि मला पाचला काव्यवाचनाला पोचायचं होतं. मी काही तपासलं नाही. काय तपासायचं तेच माहीत नव्हतं. गणपतीला घरी नेले, मेस्त्रींनी बुश हातात फिरवून ‘हं’ केलं. ते ‘हं’ मी ऐकलं होतं.

दिवाळीत आम्ही आज्जांना दाखवून बेळगावहून परत येत होतो. बाबा चालवत होते, वेग तिशीच्या आसपास. जांबोटी रस्त्याला एका साध्या खड्ड्यात मागून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला, गाडी एका अंगाला फिरली आणि चाक मडगार्डला घासत थांबली. मी आज्जांच्या शेजारीच बसले होते. ते सीटवरून घसरून दोन सीटच्या मधे बसले, आणि तोंडातून आवाज नाही. आई ‘मामा, मामा’ म्हणून हाका मारत होती. त्यांनी डोळे मिटून फक्त हात वर केला, थांबा म्हणून.

मेन पाटा पुढच्या डोळ्यापाशी तुटला होता. मेस्त्री जॅक, साखळी आणि लाकडाचा एक ओंडका घेऊन आले. अ‍ॅक्सल साखळीने आवळून माणसाच्या चालीने त्यांनी गाडी घरी नेली; आज्जांना शेजाऱ्यांच्या गाडीत आडवं करून नेलं. तीन आठवडे ते अंथरुणावर होते. नवीन बुशाचा डोळ्यात चुरा झाला होता, अक्षरशः भुगा. रबर गेल्यावर लोखंडावर लोखंड घासलं आणि पाट्याला चीर गेली.

‘पाटा जुना होता,’ बाबा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

मेस्त्रींना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, ‘जुना होता हे खरं. पण बुश धड असता तर आज तुटला नसता.’

आज्जांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, कुठून आणलंस, कितीला आणलंस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सुट्टी संपायच्या आधी मी मेस्त्रींच्या गॅरेजात जाऊन बसले. म्हटलं, मला पार्ट बघायला शिकवा. त्यांनी आधी चहा सांगितला. मग दोन पिना घेतल्या, एक नवी, एक जुन्या ट्रकची, आणि हातात कानस दिली. चांगल्या कडक पिनेवर कानस नुसती घसरते, दात बसत नाहीत. नवीवर पहिल्याच ओढीला चांदी दिसली; म्हणजे मऊ लोखंड, वर नुसता मुलामा. शॉकअप कसा बघायचा? उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ओढायचा, दाबायचा. आडवा पडलेला असला की सुरुवातीला आत हवा असते, म्हणून पहिल्या दोन ओढींवर निकाल द्यायचा नाही. त्यानंतर मात्र सगळीकडे सारखा जड लागला पाहिजे; मधे कुठे पोकळ लागला की ठेवून यायचं. पाट्याचं माप नुसत्या लांबीवर घ्यायचं नाही. सेंटर बोल्टपासून पुढचा डोळा किती, मागचा किती, पट्टीची जाडी किती, डोळ्याचं भोक किती, सगळं व्हर्नियरने घेऊन वहीत लिहायचं. माझ्या भाषाशास्त्राच्या वहीची शेवटची चार पानं तशी भरली आहेत.

पण मला खरी धक्का देणारी गोष्ट रबराची होती. जुन्या गाडीचे पार्ट शोधणाऱ्याला ‘कंपनीचा जुना माल, खोकं न उघडलेला’ असं कुणी म्हटलं की देव भेटल्यासारखं होतं. लोखंडाच्या बाबतीत ते खरं आहे. तीस वर्षांपूर्वीचा कंपनीचा पाटा किंवा पिन गंजली नसेल तर आजच्या नकलीपेक्षा कधीही सरस. रबराचं उलटं. रबर वापराने झिजतं तसं नुसतं पडूनही म्हातारं होतं. हवा, उष्णता आणि उजेड त्याला आतून कडक करत राहतात. टायरवर निदान चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बुशावर काहीच नसतं. तो अंगठ्याने दाबायचा, दुमडून उजेडात धरायचा, केसासारख्या चिरा दिसतात का बघायचं. माझं ते चकचकीत खोकं कुठल्या साली भरलेलं होतं, देव जाणे. मेस्त्रींचा नियम सोपा: ‘लोखंड जुनं घे, रबर नवं घे.’

मार्चपर्यंत मी सहा वेळा कुर्ल्याला गेले. कानस पिशवीत असायची. एकाने मला हाकललं, एकाने खूश होऊन आतला डबा काढला. पाट्यांचा मूळ जोड एका बंद टॅक्सी गॅरेजात मिळाला, जरा गंजलेला, पण चीर नाही. तो गोणपाटात गुंडाळून दादर-हुबळी गाडीने बेळगावला नेला. टीसीने विचारलं, ‘काय आहे?’ मी म्हटलं, ‘कमान.’ तो म्हणाला, ‘कसली, धनुष्याची?’ पिना मुंबईत न घेता बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतल्या. तिथे फाउंड्री आणि लेथची इतकी शेड आहेत की असलं काम लहान मानून कुणी परत पाठवत नाही. बुशही नव्या रबरात तिथेच ओतून मिळाले.

मेच्या सुट्टीत जुने पाटे खोलले तेव्हा अजून एक गोष्ट कळली, आणि मेस्त्री स्वतःवरच चिडले. दोन पाट्यांच्या मधे गंज असा धरला होता की सगळे मिळून एकच जाड पट्टी झाली होती. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान लवते. इथे ती लवतच नव्हती. म्हणजे आज्जा कित्येक वर्षं जवळजवळ स्प्रिंग नसलेल्या गाडीत बसत होते. आम्ही एकेक पाटा घासला, ग्रॅफाइटचं ग्रीस लावून परत बांधला. मग मेस्त्रींनी टायरची हवा बघितली. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दहा पौंड जास्त! पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा भरायचा. मी दादाला फोन केला आणि सांगितलं, हवेचं सस्पेन्शन गाडीला आधीपासून होतं रे, आपणच ते दगडासारखं केलं होतं. डनलॉपने १८८८ साली पोराच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली ती याचसाठी. दादा दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, ‘तरी फुगा फुगाच.’

पहिल्या दिवशी आज्जांना फक्त खानापूरपर्यंत नेलं. मी चालवत होते. ते मागे बसले, आणि वरची पट्टी त्यांनी घट्ट धरली होती, आरशात मला दिसत होती. जिथे पाटा तुटला तो खड्डा अजून तिथेच आहे. मी जवळजवळ थांबवून गाडी त्यातून काढली. मलप्रभेचा पूल आला तेव्हा आरशात बघितलं, तर पट्टीवरचा हात खाली आला होता आणि ते नदीकडे बघत होते.

‘पाणी कमी आलंय गं यंदा,’ ते म्हणाले.

‘मे हाय की आज्जा.’

परत आल्यावर मेस्त्रींनी गाडीखाली बॅटरी मारून सगळे बोल्ट परत आवळले. उजवीकडे मागे अजून थोडं कुईं वाजतंय. ते म्हणाले शॉकअपच्या वरच्या रबराचं असणार, सापडलं तर आण. सापडलं नाही अजून. कुणाच्या घरी, ओळखीत कुणा जुन्या टॅक्सीवाल्यांकडे असेल तर मला सांगा. पण माप घेतल्याशिवाय आणि दाबून बघितल्याशिवाय मी नेणार नाही.