स्टोक मँडेव्हिलची हिरवळ

कंपनीच्या कामासाठी सहा आठवडे लंडनला होतो. शनिवार-रविवारी काय बघायचं याच्या याद्या सगळ्यांनी दिल्या, पण स्टोक मँडेव्हिल कुणाच्याच यादीत नव्हतं. मॅरिलेबोन स्टेशनवरून एल्सबरीची गाडी पकडली. तासाभराचा प्रवास, पुढे बस. समोर काय, तर एक सरकारी हॉस्पिटल आणि एक स्टेडियम. फोटो काढावा असं फारसं काही नाही.

मी गेलो ते माझ्या आतेभावामुळे. इंदूरला बाइकच्या अपघातात त्याच्या पाठीचा कणा दुखावला, आता व्हीलचेअर. घराबाहेर तो फक्त डॉक्टरकडे जातो.

२९ जुलै १९४८ ला वेम्बलीत लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन चाललं होतं. त्याच दिवशी इथल्या हिरवळीवर व्हीलचेअरवरचे सोळा तिरंदाज जमले: चौदा पुरुष, दोन बायका, सगळे युद्धात जखमी झालेले. एक संघ इथला, दुसरा रिचमंडच्या ‘स्टार अँड गार्टर’ या सैनिकांच्या निवासातला. पाहुणे जिंकले. घरचा संघ हरला हे मला फार आवडलं. म्हणजे सामना खरा होता, कौतुकाचा कार्यक्रम नव्हता! आजच्या पॅरालिंपिकचं मूळ हेच.

हे घडवलं डॉ. लुडविग गुटमान यांनी. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले हे ज्यू डॉक्टर. १९४४ मध्ये त्यांनी इथे कण्याच्या दुखापतींचा विभाग सुरू केला, तेव्हा असा रुग्ण फार तर दोन वर्षं जगेल असं धरूनच चालत. मरण यायचं ते बहुधा पाठीवरच्या जखमा आणि मूत्रमार्गाच्या संसर्गातून. गुटमान दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावत, रात्रीसुद्धा. आणि मग हातात धनुष्य. धनुष्य खेचताना खांदे, पाठ, बसल्या जागचा तोल, सगळं कामाला लागतं. शिवाय बाण सोडणारा उभा आहे की बसलेला, याच्याशी लक्ष्याला काही देणंघेणं नाही.

त्या सोळा जणांची नावं इथे कुणाच्या ओठावर नाहीत. आपल्याला जवळचं नाव राकेश कुमार. कटऱ्याचा हा तिरंदाजही कण्याच्या दुखापतीनंतरच व्हीलचेअरवर आला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याने आणि पायाने धनुष्य धरणाऱ्या शीतल देवीने मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकलं. उपांत्य फेरीत इराणकडून शूट-ऑफमध्ये हरल्यावर त्याच दिवशी इटलीविरुद्ध १५६-१५५. सोळा बाणांत जास्तीत जास्त गुण १६०, म्हणजे चुकायला जागा किती, तुम्हीच बघा.

हिरवळीचे फोटो आतेभावाला पाठवले. त्यावर एक शब्द नाही. बसचा फोटो मात्र त्याने मोठा करून पाहिला. दारातून बाहेर येणारी ती फळी किती उताराची, असं विचारलं. मी घरासाठीचं साधारण माप सांगितलं: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आत्याच्या दाराला तीन पायऱ्या, म्हणजे पावणेदोन फूट. उतार झाला एकवीस फुटांचा आणि अंगण पंधरा फूट. मध्ये वळण घ्यावं लागेल, आणि त्या वळणावर नेमकं तुळशीवृंदावन येतं. आत्याशी बोलणं चालू आहे.