अमझेऱ्याहून सेवास्तोपोलला

धारहून सरदारपूरच्या रस्त्याला लागलं की साधारण तीस किलोमीटरवर अमझेरा येतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. गावातली अमका-झमका देवी प्रसिद्ध. रुक्मिणीहरण इथंच झालं, असं गावकरी सांगतात. (कौंडिण्यपूरकरांनी रागावू नये!)

मला ओढ होती ती गावाबाहेरच्या शेतांची. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पांनी इथं माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादूर याला गाठलं. सोबत मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार. सुभेदार आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघेही पडले आणि माळव्याचं दार उघडलं. इंदूर, धार, देवास, उज्जैनला आपली आडनावं रुजली, त्याची सुरुवात शोधायची तर इथं यावं. आता तिथं गहू आणि हरभरा उभा असतो.

पण गावात नाव ऐकू येतं ते राजा बख्तावरसिंहांचं. १८५७ च्या जुलैमध्ये या राठोड राजाची फौज भोपावरच्या इंग्रज एजन्सीवर चालून गेली आणि तिथला अधिकारी झाबुव्याकडे पळाला. "एवढ्याशा संस्थानाला भीती नाही वाटली?" मुलीनं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. इंग्रज हरू शकतात, हे त्या काळी कुणी पाहिलं होतं?

एकानं पाहिलं होतं, तेही थेट रशियाच्या झारच्या किल्ल्यापाशी. दुसऱ्या बाजीरावांचं १८५१ मध्ये निधन झालं आणि त्यांचं वर्षाचं आठ लाखांचं पेन्शन कंपनीनं बंद केलं. त्यासाठी नानासाहेबांनी बिठूरहून अझीमुल्ला खान यांना लंडनला पाठवलं. तिथं दाद लागली नाही. परतताना ते कॉन्स्टँटिनोपलला पोचले, तेव्हा समुद्रापलीकडे क्रिमियात युद्ध चालू होतं. इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क सेवास्तोपोलला वेढा घालून बसले होते. १८ जून १८५५ चा त्यांचा मोठा हल्ला रशियनांनी मोडून काढला. ते ऐकून अझीमुल्ला मुद्दाम क्रिमियात गेले आणि रशियन तोफांचा मारा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. 'टाइम्स'चा बातमीदार रसेल त्यांना तिथं भेटला होता. त्यानंच पुढं हे सारं लिहून ठेवलं.

मला चटका लागतो तो पुढच्या भागाचा. अझीमुल्लांनी पाहिला तो झारच्या फौजेचा भरातला काळ. त्याच सप्टेंबरात फ्रेंचांनी मालाकोफचा बुरूज घेतला आणि सुमारे अकरा महिने झुंजलेल्या रशियनांनी स्वतःची जहाजं बुडवून शहराचा दक्षिण भाग सोडला. इंग्रज एका हल्ल्यात हरले, युद्धात नाही. बिठूरला परतलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र तो फसलेला हल्ला होता. दोन वर्षांत कानपूर पेटलं.

अमझेऱ्याच्या राजाला १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी दिली. आपण सारे औषधपाण्यासाठी जिथं जातो, त्या एमवाय रुग्णालयाच्या परिसरातली ती जागा. संस्थान जप्त झालं आणि इंग्रजांनी ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकलं. एकशे तीस वर्षांपूर्वी याच शेतांत लढलेल्या राणोजींच्या घराण्याला.