काकांचा रेडिओ आणि यूएसबीची भोकं

आमचे काका इंदूरचे जुने हॅम. मोर्सवर हात पक्का बसलेला, पण ऐंशीनंतर कानांनी दगा दिला. रेडिओ बंद म्हणजे माणूसच बंद, असं झालं होतं घरात. मग एफटी-८ शिकले. यात ऐकायचं नसतं. १५-१५ सेकंदांच्या पाळीनं संदेश पडद्यावर उमटतात.

पण लॅपटॉपला पोर्ट दोनच! रेडिओ कंट्रोलची वायर, बाहेरचं साउंडकार्ड, माऊस, मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड... भाच्यानं जेल रोडवरून साधं हब आणलं. यूएसबी २.० चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, त्यातच साऱ्यांचं भागवायचं. एका डब्यात चौघांचं जेवण हो! मधेच साउंडकार्ड गायब व्हायचं.

मग स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारं हब घेतलं. महाग पडतं, पण घ्यावं तर असंच. तरी ट्रान्समिट केलं की कधीकधी सगळं लटकायचं. रेडिओलहरी वायरीवरून हबमध्ये शिरत होत्या. वायरीला फेराइटच्या कड्यातून पाच-सहा वेढे दिले, तेव्हा थांबलं.

आणि हो, वायरींची भोकं बदलू नका. विंडोज कधीकधी कॉम पोर्टचा नंबर बदलतं आणि सॉफ्टवेअरला रेडिओच सापडत नाही. काकूनं चिकटपट्ट्या लावून लिहून ठेवलंय: ‘माऊस’, ‘आवाज’, ‘हात लावू नये’.

परवा १४ मेगाहर्ट्झवर जपानचं स्टेशन लागलं. काकांनी काकूला स्वयंपाकघरातून ओढून आणून पडदा दाखवला.