अर्थ लागत नाही

पहाटे साडेतीनला फोन वाजला की आमच्या घरात कुणी तरी गेल्याचीच भीती आधी मनात येते. त्या दिवशी सगळे सलामत होते. फोन धाकट्या भावाचा होता. "भाई, गाडी फिर नै उठ री."

गाडी म्हणजे अब्बांनी घेतलेली जुनी डिझेल पिकअप. मोहोळजवळच्या आमच्या गावातून ती कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात जाते. लिलावाच्या आधी माल उतरला पाहिजे, नाही तर शेतकऱ्याचा दिवस बुडतो आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्याची गाडी सांगतो. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. भावाचं घर या गाडीवर चालतं, आणि अम्मीच्या औषधांचा निम्मा खर्चही.

दोन महिन्यांत असं चौथ्यांदा झालं होतं. चावी फिरवली की "टक्" असा एकच आवाज, आणि पुढे काही नाही. शेजारची चार पोरं उठवायची, धक्का मारायचा, की गाडी सुरू. यार्डात पोचल्यावर इंजिन बंद करायची मात्र सोय नाही.

पहिल्या गॅरेजवाल्याने चावी फिरवून पाहिली आणि बॅटरी गेली म्हणून सांगितलं. नवी घातली, जुनी दुकानदाराने बदल्यात घेतली. आठ दिवस गाडी झकास चालली, मग पुन्हा टक्. दुसऱ्याने सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले, वर बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. दहा दिवस बरे गेले. दोन्ही वेळचे पैसे मी दिले. आता लिहायला लाज वाटते, पण दुसऱ्यांदा पैसे देताना मी भावाला म्हणालो होतो, "अब्बांच्या वेळी हीच गाडी कधी रुसली नाही." तो काहीच बोलला नाही. चार दिवसांनी कळलं की त्याने भंगारवाल्याला गाडी दाखवली आहे.

मग मला एका माजी विद्यार्थ्याची आठवण झाली. आता तो ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, हायवेवर छोटी टपरी टाकून बसतो. आठवण सुखाची नव्हती. दहावीत तो माझ्याच विषयात, मराठीत, नापास झाला होता. त्याच्या वालिदांना बोलावून मी सांगितलं होतं, "याचं लक्ष नाही, याला कामाला लावा." वर्गात तो सारखा पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत बसायचा, एवढंच मला दिसलं होतं.

फोनवर त्याने आधी सलाम केला आणि मग प्रश्नच विचारत सुटला. "सर, आवाज एकदाच टक् येतो का टकटकटक? हेडलाईट लावून सेल्फ मारला तर लाईट विझत आल्यासारखी होते का तशीच राहते?" आवाज एकदाच येत होता, आणि लाईट जवळजवळ तशीच राहत होती. तो म्हणाला, "मग बॅटरी बिचारी बरी आहे. टकटकटक करून लाईट बसली असती तर बॅटरी नाही तर तिचं टर्मिनल बघितलं असतं. मी येतो, पाना कुणाला लावू देऊ नका."

तो आला तेव्हा पिशवीत मीटर, टेस्ट लॅम्प आणि एक जाड केबल होती. बॅटरीवर मीटर लावला, 12.5 व्होल्ट. मग भावाला चावी फिरवायला लावली. इंजिन हललं नाही, आणि मीटरही 12 च्या खाली आला नाही. सेल्फ फिरताना बॅटरीतून भरमसाट करंट ओढला जातो, तेव्हा चांगल्या बॅटरीचेही व्होल्ट दहा-साडेदहापर्यंत उतरतात. इथे उतरले नाहीत, म्हणजे करंट गेलाच नाही. वाटेत कुठे तरी अडतोय. मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला. "भाई, मारो सेल्फ." मीटरवर चार व्होल्ट आले. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवेत.

वर न बघताच तो म्हणाला, "सर, अर्थ लागत नाही."

पंचवीस मुलांच्या वर्गात रोज कविता शिकवताना मी हेच वाक्य ऐकतो. मला हसू आलं. त्याला का ते कळलं नाही.

मग त्याने समजावलं. बॅटरीचा मायनस बॉडीला जातो, आणि बॉडीपासून इंजिनला तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे सेल्फचा करंट परतायला खरी वाट ती एकच. लाईटचा अर्थ बॉडीवरच असतो, म्हणून लाईट फसवते. पट्टी खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो. त्याने भावाला विचारलं, "ॲक्सिलेटरची वायर कधी गरम लागली का?" भाऊ चपापला. लागली होती. इंजिनच्या उष्णतेने असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

आणि नवी बॅटरी आठच दिवस का टिकली? अल्टरनेटरचा अर्थही इंजिनवरूनच. चार्जिंग अर्धवट होत राहिलं. भरलेली बॅटरी खराब पट्टीतूनही कसाबसा जोर लावते, थोडी उतरली की नाही. सेल्फवाल्याच्या रात्रभराच्या चार्जिंगनेही तेच दहा दिवस दिले होते.

खात्री म्हणून त्याने जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनला धरलं. चावी फिरवताच गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

पट्टी गिअरबॉक्सजवळ निघाली. वरून चिखल, आत हिरवी भुकटी, निम्म्या तारा तुटलेल्या. नवी पट्टी दोनशे रुपयांची. त्याने दोन्ही बोल्टांच्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या, कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. चालू इंजिनवर बॅटरीत 13 व्होल्ट दिसत होते, ते 14.1 झाले.

उर्दूत याला तश्खीस म्हणतात, 'शख्स' वरून आलेला शब्द, म्हणजे नेमकं कोण ते ओळखणं. मराठीत निदान. आणि मराठीत निदानचा दुसरा अर्थ 'कमीत कमी' असाही आहे. निदान वालिदांना बोलावण्याआधी मी त्या पोराला एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. त्याच्या पुढ्यात उभं राहून हे म्हणायचं खूप मनात होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चहा घे."

पट्टीचे दोनशे त्याने घेतले, मजुरी घेतली नाही. फार आग्रह केल्यावर म्हणाला, "सर, टपरीच्या विजेच्या कनेक्शनचा अर्ज मराठीत लिहून द्या. दोनदा परत आलाय." मी म्हटलं, कागद घेऊन ये, तू लिही, मी बाजूला बसतो. तो जरा घाबरला. शनिवारी शाळा सुटल्यावर येतो म्हणाला.

भंगारवाल्याला भावाने स्वतःच फोन करून नाही सांगितलं. मी त्याला म्हटलेलं वाक्य मात्र अजून मागे घेतलेलं नाही. या जुम्म्याला गावी जातोय.