डिटेक्टर वाजला तर…

यंदा गोल्डन वीकच्या सुट्टीत आम्ही ओकिनावाला गेलो. निघताना आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी वाढदिवसाला मिळालेला मेटल डिटेक्टर हट्टाने बॅगेत कोंबला. युद्धातल्या जुन्या गोळ्या शोधायच्या आणि पुण्याच्या आजोबांना दाखवायच्या, असा बेत होता.

दक्षिणेला इतोमानमध्ये एका मिन्शुकुत, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागी उतरलो. डिटेक्टर पाहताच घरच्या ओबाआसान चहा बाजूला ठेवून लेकासमोर बसल्या. "बाळा, इथे हा वाजला तर खणू नकोस. हात लावू नकोस. मागे फिर आणि मोठ्यांना सांग, ते पोलिसांना कळवतील."

1945 च्या एप्रिल ते जून या काळात इथे इतका तोफगोळ्यांचा मारा झाला, की लोक त्याला 'लोखंडाचं वादळ' म्हणतात. न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. 2009 साली याच इतोमानमध्ये पाण्याच्या पाइपचं काम चालू असताना असाच एक बॉम्ब फुटला आणि खोदयंत्राचा चालक गंभीर जखमी झाला.

ओबाआसान पुढे म्हणाल्या, इथे डिटेक्टर घेऊन गुहांमध्ये उतरणारे स्वयंसेवकही आहेत, पण ते माणसं शोधतात. हाडं काही वाजत नाहीत. वाजतं ते शिरस्त्राण, बकल, गोळी. त्याच्या आसपासची माती हाताने चाळायची. कधी नाव कोरलेलं फाउंटन पेन किंवा नावाचा शिक्का सापडतो आणि कुणाच्या तरी घरी इतक्या वर्षांनी निरोप पोहोचतो.

मी लग्नाआधी शाळेत इतिहास शिकवायचे. दुसरं महायुद्ध म्हणजे 'थोडक्यात उत्तरे लिहा', चार गुण. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी माबुनीच्या टेकडीवर गेलो. तिथल्या काळ्या शिलांवर 2 लाख 40 हजारांहून अधिक नावं आहेत. ओकिनावाची, जपानची, कोरियाची, अमेरिकेचीही. शत्रू-मित्र असा भेद नाही. 1995 साली हे स्मारक उभं राहिलं. तेव्हापासून नवी नावं कळतील तशी कोरली जातात.

लेकाने शेवटची कोरी शिला पाहून विचारलं, "आई, ही जागा कुणासाठी?"

"अजून न सापडलेल्यांसाठी," मी म्हटलं.

डिटेक्टर बॅगेतून बाहेर आलाच नाही. आता तो घरी बाबांच्या हरवलेल्या किल्ल्या शोधतो.