शॅननकाठची आमची बोट



आयर्लंड म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग आठवतात. ते १९१८ साली बेलफास्टला जन्मले आणि डब्लिनमध्ये वाढले. आमचीही त्या देशाची ओळख तेवढीच होती. पुढे आमचा मुलगा नोकरीनिमित्त कॅरिक-ऑन-शॅनन या गावी राहायला गेला आणि आम्ही दोघे ऑगस्ट ते ऑक्टोबर असे तीन महिने त्याच्याकडे मुक्कामाला गेलो.

शॅनन ही आयर्लंडची सर्वांत लांब नदी. लांबी सुमारे ३६० किलोमीटर. मधे मोठमोठी सरोवरे आहेत, त्यामुळे काठच्या गावांत बोटींची हौस फार. मुलानेही एक जुनी मोटरबोट घेऊन ठेवली होती. बावीस फुटी, छोटी केबिन, आणि आत दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन. एका शेतकऱ्याच्या कुंपणाशी ती आठ वर्षे पडून होती. स्वस्तात मिळाली, कारण इंजिन जाम होते. घरामागे ट्रेलरवर ती उभी, केबिनमध्ये शेवाळ, गाद्यांना बुरशी, तळाशी काळे पाणी. गावातल्या एका मेकॅनिकने पाहून सांगितले होते, "इंजिन भंगारात टाका, नवं बसवा." नव्या इंजिनाची किंमत बोटीच्या पाचपट! सूनबाई म्हणाली, "आई, हे धूड ऑक्टोबरपर्यंत हललं नाही तर मी विकून टाकणार." मुलगा काही बोलला नाही. पण रोज कामावरून आला की एकदा मागे जाऊन बोटीला हात लावून यायचा, हे आम्ही पाहत होतो.

आता आमच्यापैकी एकाचा हात मुंबईच्या गोदीत तीस वर्षे इंजिनांवर चाललेला, आणि दुसरीचा स्वयंपाकघरात. दोन्ही हात कामाला आले.

पहिली गोष्ट म्हणजे, धरलेल्या इंजिनाला जोर लावायचा नाही. नवीन बॅटरी लावून स्टार्टर मारावा असे सगळ्यांना वाटते. पण सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो. वाचणारे इंजिनही मग हातचे जाते. म्हणून आधी नीट बघायचे. गिअर न्यूट्रलला टाकून पाहिला, म्हणजे अडले आहे ते इंजिनच की पुढचा पंख्याचा दांडा, हे कळले. मग दोन्ही नोझल काढले आणि भोकातून टॉर्च मारली. पुढचा सिलिंडर बऱ्यापैकी चकचकीत. मागच्यात मात्र तांबडा गंज. कारण सोपे आहे. इंजिन बंद होताना एखाद्या सिलिंडरची झडप उघडी राहते. तिथून दमट हवा आत शिरते, आणि आयर्लंडच्या हवेत दमटपणाला काय तोटा! आठ वर्षांत पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत गंजाने एकमेकांना धरून बसल्या होत्या.

उपाय तेलाचा. डिझेल आणि गिअरबॉक्सचे पातळ तेल समसमान घेऊन नोझलच्या भोकातून आत सोडायचे, आणि थांबायचे. नातवाच्या तापाच्या औषधाची पिचकारी घेऊन हे काम स्वयंपाकघरवाल्या हाताने केले. जुन्या सुती साडीच्या चिंध्या खाली पसरल्या. तेल भिंतीवरून झिरपत रिंगांपर्यंत जाते, गंजाच्या फटीत शिरते. त्याला वेळच लागतो. शुक्रवारी दुपारी तेल भरून झाकून ठेवायचे आणि रविवारी सकाळी उघडायचे, असा आमचा क्रम पडला. सूनबाई हसून म्हणाली, "तुमचं तेल शब्बाथलाही काम करतं." कोकणात आपल्या वाडवडिलांना लोक शनिवार तेली म्हणायचे. घाण्याचा बैल शनिवारी सुटलेला असायचा. ही गोष्ट आम्ही नातवाला त्या बोटीत बसूनच सांगितली.

नातू अकरा वर्षांचा. मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत. त्याच्याकडे एक काम दिले. क्रँकच्या पुलीवर खडूची एक रेघ, तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर दुसरी. रोज संध्याकाळी लांब दांड्याचा पान्हा पुलीच्या नटाला लावून आम्ही हलकेच एकदा इकडे, एकदा तिकडे दाब द्यायचो. त्याने फक्त रेघा जुळतात की नाही ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. पहिले दहा दिवस वहीत रोज एकच शब्द होता, 'नो'. मुलगाही आता थेट मागेच येऊ लागला, कपडे न बदलता. वडील-मुलगा एका पान्ह्यावर हात ठेवून उभे राहिले की बोलणे आपसूक निघते. रेवसहून भाऊच्या धक्क्याला येणारी लाँच, तिच्या इंजिनाची धडधड, अंगावर उडणारे पाणी, आजीच्या मांडीवरची पापडांची पिशवी. हे सगळे त्याला आठवत होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

अकराव्या दिवशी रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकली. नातू ओरडला, "आजोबा, सुटलं!" त्या दिवशी वहीतही त्याने तेच लिहिले, पण इंग्रजी अक्षरांत.

अजून पुष्कळ काम होते. दाण्यादाण्याने पुढे-मागे करत पाच दिवसांनी पूर्ण फेरा झाला. नोझल बसवायच्या आधी भोकांवर चिंध्या धरून इंजिन हाताने फिरवले आणि आतले तेल बाहेर काढले, कारण तेलही पाण्यासारखेच दाबले जात नाही. खालचे जुने तेल काढले तर दुधाच्या चहासारखे गढूळ, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले. ते बदलले. थंड पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चक्री कडक होऊन तिची पाती तुटली होती, ती नवी आणली. आणि पाणी आत घेणाऱ्या भोकात काय सापडले? पट्टेदार, नखाएवढे शिंपले! त्यांना झेब्रा शिंपले म्हणतात. १९९० नंतरच्या काळात बाहेरून आणलेल्या जुन्या बोटींच्या तळाला चिकटून ते शॅननमध्ये आले आणि सगळीकडे पसरले. म्हणून एका पाण्यातली बोट दुसऱ्या पाण्यात नेताना धुऊन, पूर्ण वाळवून न्यावी लागते. बालमित्रांनो, हे लक्षात ठेवा.

मग टाकीतले सडके डिझेल काढले, फिल्टर बदलले, नळ्यांतली हवा काढली. पंपाची नळी पाण्याने भरलेल्या बादलीत सोडली आणि मुलाला सांगितले, "आता मार स्टार्टर." दोनदा नुसते घरघरले. तिसऱ्यांदा निळा धूर निघाला, एवढा की शेजारीण काळजीने बाहेर आली. तेल जळून गेल्यावर धूर विरला आणि इंजिन टुक टुक टुक असे एका तालात चालू लागले. मागच्या नळीतून पाणी पडू लागले. सूनबाई दारात उभी होती. विकण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

सप्टेंबरात नोंदणी करून बोट पाण्यात सोडली. सात मीटरपेक्षा लहान बोटीत डेकवर सर्वांनी जीवरक्षक जाकीट घालायचे, हा तिथला २००५ सालापासूनचा कायदा. आम्हीही घातले. नातू म्हणाला, आजी फुग्यासारखी दिसते!

पहिली सफर जवळच्या लेट्रिम गावापर्यंत. तिथून एक कालवा निघतो, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. शॅनन आणि उत्तरेकडची अर्न यांना जोडण्यासाठी १८४६ ते १८६० या वर्षांत तो खोदला. पण तोवर आगगाडी आली होती. नोंदीप्रमाणे ९ वर्षांत फक्त ८ बोटींनी तिथे कर भरला, आणि १८६९ साली कालवा सोडून दिला. गाळ भरला, झाडे वाढली. सव्वाशे वर्षांनी, १९९४ साली, तो दुरुस्त करून पुन्हा उघडला. आज तो सुमारे ६३ किलोमीटरचा शॅनन-अर्न जलमार्ग आहे, आणि आयर्लंड व उत्तर आयर्लंड यांना जोडतो. त्यावर १६ लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे, की बोट वर चढते. पूर्वी दारे हाताने ढकलत, आता कार्ड घालून बटण दाबतात. बटण नातवाने दाबले. चुलीवरचे दूध वर येते तसे पाणी वर आले आणि आम्ही त्याच्याबरोबर.

ऑक्टोबरच्या शेवटी निघायच्या आधी बोट पुन्हा ट्रेलरवर घेतली. नवगाव-अलिबागकडे पावसाळ्यात कोळी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, हे तुम्ही पाहिले असेल. ते बोट टाकून देणे नव्हे, ती निजवणे असते. आम्हीही तसेच केले. पाणी पूर्ण काढले, नवे तेल भरले, वरून ताडपत्री बांधली आणि हवा खेळायला दोन्ही बाजूंनी फट ठेवली. नातवाला पान्हा दिला. दर रविवारी इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे, म्हणजे रिंगा एका जागी बसून राहत नाहीत.

लोदला परतल्यावर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. आम्ही विचारतो, "फिरलं का रे?" तो म्हणतो, "फिरलं." मग शाळेचे, पावसाचे, आणि मार्चमध्ये बोटीला कोणता रंग द्यायचा त्याचे बोलणे होते. त्याला हिरवा हवा आहे, सूनबाईला पांढरा.