पुढचा पास कुणाच्या पायाला

मधल्या फळीत खेळणाऱ्याचं अर्धं काम चेंडू पायात यायच्या आधीच उरकलेलं असावं लागतं. कोल्हापुरात तालमीच्या संघातून खेळायला लागलो, तेव्हा जुने खेळाडू कडेला उभे राहून ओरडायचे, "आरं, चेंडू आल्यावर काय बघतोस? आधी बघून ठेव!" शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्ष्या पेटलेली असते. प्रेक्षकांना ड्रिबल हवा असतो, लांबून हाणलेला फटका हवा असतो. त्या कल्लोळात मान वळवून मागं बघणारा खेळाडू कुणाच्या नजरेत भरत नाही. मला मात्र फुटबॉलनं जे दिलं, ते त्या मान वळवण्यानंच दिलं.

बॅकचा पास माझ्यापर्यंत पोचेस्तोवर मागचं चित्र मनात पक्कं व्हायला हवं. अंगावर कोण येतोय, आपला विंगर सुटलाय का, हे कळलं असेल तर शरीर अर्धं वळलेलं राहतं आणि चेंडू लांबच्या पायावर घेता येतो. पहिल्याच स्पर्शात तोंड समोरच्या गोलकडे होतं. तोच चेंडू जवळच्या पायावर घेतला, की पाठीवर माणूस येतो आणि पास पुन्हा मागं द्यावा लागतो. फरक एका पावलाचा, पण चढाई उभी राहणार की नाही हे तिथंच ठरतं.

मी एका क्लबमध्ये मुरलो नाही. करार बहुधा एका मोसमाचा असायचा. मुंबईत खेळलो, गोव्यात खेळलो. कूपरेजच्या कृत्रिम हिरवळीवर चेंडू सरकन पुढं निघून जातो, म्हणून पासातला जोर आवरता घ्यावा लागतो. गोव्यातल्या पावसाळी मैदानावर तोच पास साचलेल्या पाण्यात रुतून बसतो. तिथं तो थोडा उचलूनच द्यायचा. मैदानं मात्र लवकर समजतात. माणसं समजायला वेळ लागतो.

एका विंगरला चेंडू पायात हवा असतो, दुसऱ्याला बॅकच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत. एखादा फॉरवर्ड धाव घेण्याआधी एक पाऊल उलटं टाकतो. त्या पावलावर ज्याचं लक्ष असेल, त्याचाच पास वेळेवर निघतो. साईडबॅक वर गेला की त्याची रिकामी जागा कुणी झाकायची, हे फळ्यावर काढून दाखवलं तरी खरा उलगडा सामन्यातच होतो. शेजारी मणिपूरचा मुलगा, मागं केरळचा बॅक, पुढं नायजेरियाचा फॉरवर्ड अशी फळी असली, की 'टाइम', 'टर्न', 'मॅन ऑन' एवढ्या तीन हाकांवर संसार चालतो. म्हणून नव्या संघात सुरुवातीला मी सहकाऱ्यांचे पाय बघत असे. कुणाला काय जमतं हे ओळखून त्याला तेच मिळवून देणं, हाच माझा धंदा होता.

या कामाची किंमत ते थांबल्यावर कळते. रिअल माद्रिदनं 2003 मध्ये क्लोद माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं आणि त्याच उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅमला आणलं. संघात तारे वाढले, पण पुढचं स्पॅनिश लीग विजेतेपद यायला 2007 उजाडलं. एवढ्या एकाच कारणानं ते घडलं असं मी म्हणणार नाही. पण ताऱ्यांच्या मागं उभं राहून चेंडू हिसकावणारा आणि दोन यार्डांवर साधा पास देणारा माणूस तिथं उरला नव्हता, हे कुणीही मधला खेळाडू सांगेल. आपल्याकडे क्लायमॅक्स लॉरेन्सचा खेळ बघावा. धेंपोनं 2004-05 ते 2011-12 या काळात देशाचं विजेतेपद पाच वेळा जिंकलं. गोलांच्या यादीत त्याचं नाव शोधावं लागेल, पण त्या संघाच्या मधल्या फळीचा कणा तोच होता.

क्लब बदलणाऱ्याला लोक चंचल समजतात. भारतात खेळाडू स्थिर राहिला तरी त्याच्या पायाखालचा क्लब राहील याची खात्री नसते. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. फगवाड्याचा जेसीटी, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, 2011 मध्ये गेला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. प्रत्येक वेळी कितीतरी खेळाडूंना बूट पिशवीत घालून नवं गाव गाठावं लागलं. त्या सगळ्यांबद्दल मला फार आपुलकी वाटते. नव्या गावात नव्या माणसांशी जुळवून घेण्याचं कसब त्यांनी पायांत कमावलं, आणि त्याची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नाही.

वय वाढलं तशी धाव कमी झाली, पण चेंडू कुठं पडणार हे आधी दिसायला लागलं. आता पेठेतल्या पोरांना शिकवतो. अनिकेत जाधव कोल्हापुरातून 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत पोचला, तेव्हापासून प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचंय, आणि ते स्वप्न चांगलंच आहे. तरी मी त्यांना सांगतो, नव्या संघात गेलात की पहिल्या सरावात स्वतःचा खेळ दाखवायची घाई करू नका. शेजारच्याचा चांगला पाय कुठला, ते आधी बघा आणि त्याच पायावर चेंडू द्या. दुसऱ्या दिवशी तो आपणहून तुमच्याकडे पास देईल. संघात जागा अशीच मिळते, आणि दर मोसमाला ती नव्यानं मिळवता येते.